खिळे शोधायचा दांडा

आत्याच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. आत्या म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारी. भाच्यानं लावलेलं नाव, पण पुढे सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायला लागली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर पोट फाडून ठेवलेले रेडिओ. नवरा गेल्यावर गिऱ्हाईक तुटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तुटलं नाही. तिचा हात नवऱ्यापेक्षा बरा, असं लोक तो असतानाच म्हणायचे, फक्त हळू.

लाकडाच्या वखारीचा मालक एका सकाळी आला आणि त्यानं टेबलावर काळा प्लास्टिकचा दांडा आपटला.

"मुका झालाय. वाजता करून द्या. दुपारी नेतो."

हा दांडा आत्याला ठाऊक होता, कारण तिचा भाचा त्याच वखारीत मोठी करवत चालवायचा. जुन्या झाडांच्या पोटात कुंपणाचे खिळे, आकडे, तारा गेलेल्या असतात. वरून साल भरून येते, बाहेरून काही कळत नाही. करवतीची फिरती पट्टी तशा लोखंडावर बसली की तुटते, आणि तुटलेली पट्टी समोरच्या माणसाच्या अंगावर येते. म्हणून ओंडका चढवण्याआधी त्यावरून हा दांडा फिरवायचा. आत लोखंड असेल तर तो वाजतो.

"कधीपासून बंद आहे?"

"झाले चार-पाच दिवस."

"आणि करवत?"

"करवत थांबवून कसं चालेल? डोळे आहेत की पोरांना."

"डोळ्यांना लाकडाच्या आतलं दिसतं होय? मग हा कशाला घेतलात?"

"स्वस्त मिळाला म्हणून," मालक म्हणाला आणि निघून गेला.

आत्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. राग आला की ती पेचकस उचलायची. तोंड उचललं तर गिऱ्हाईक राहत नाही, हे तिला पुरतं कळून चुकलं होतं.

आधी बॅटरी. मीटरवर ती नऊ व्होल्ट दाखवत होती, पण बटण दाबून मोजली तर पाचावर उतरली. नुसती नावाची बॅटरी. आत्यानं नवी घातली. आता दांडा हलवला की वाजायचा आणि खिळा समोर धरला की गप्प बसायचा. घुम्या जावयासारखा, नको तिथे बोलणारा आणि विचारलं की तोंड शिवणारा.

तिनं तो उघडला. चार स्क्रू दिसत होते, पाचवा लेबलाखाली लपवलेला. आत तारेची कॉइल होती, ती डिंकातून सुटून खुळखुळत होती. कॉइलच्या तारेवर वार्निश असतं. ते खरवडल्याशिवाय डाग धरत नाही, हे आठवडाभर शिकलेल्यालाही कळतं. कारखान्यातला माणूस वरून शिशाचा थेंब टाकून मोकळा झाला होता.

"मेल्यांनो, खेळणं आहे का हे?" आत्या टेबलाशीच बोलली. तिनं पात्यानं तार खरवडली, नवा डाग दिला, कॉइल पक्की चिकटवून वाळत ठेवली. मग तिचं लक्ष बुडाकडच्या बारीक भोकाकडे गेलं. त्याच्या आत एक पितळी स्क्रू असतो, तो फिरवून दांड्याचे कान तिखट किंवा मंद करायचे. स्क्रू हलू नये म्हणून कारखान्यानं लावलेला लाल ठिपका फुटलेला होता, खाचेत चाकूचे ओरखडे होते, आणि स्क्रू पार मंदाच्या टोकाला नेऊन ठेवला होता.

जेवणाच्या सुट्टीत भाचा डोकावला.

"झाला का गं आत्या?"

"हा स्क्रू कोणी फिरवला?"

भाचा दारातच थांबला. "मी."

"का रे?"

"प्रत्येक ओंडक्याला कोकलायचा तो. ओंडका बाजूला काढला की मालक अंगावर यायचा. आणि तपासत होतो की आम्ही रोज सकाळी. कुऱ्हाडीवर धरायचो. वाजायचा."

"कुऱ्हाडीवर?" आत्यानं पेचकस खाली ठेवला. "अरे शहाण्या, कुऱ्हाड काय लपून बसते? ती आंधळ्यालाही सापडते. तुझा जीव घेणारा खिळा करंगळीएवढा असतो आणि चार बोटं आत असतो. कॉइल सुटली होती म्हणून हा कोकलत होता. तू ते बघायचं सोडून त्याला बहिरा केलास. मालक तसला, कारखाना तसला, आणि आमचं कार्टं दोघांच्या वरताण."

"चुकलं, आत्या."

"माझ्याजवळ चुकून काय उपयोग? करवतीजवळ चुकू नकोस."

तिनं लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडलं, चार बोटं आत खिळा सोडला, वरून बूच मारलं. मग स्क्रू केसभर केसभर फिरवत राहिली. शेवटी खिळ्यावर दांडा वाजला आणि कडेला आणल्यावर गप्प झाला. ठोकळा तिनं भाच्याच्या हातात दिला. "रोज यावर तपास. कुऱ्हाड लाकडं फोडायला ठेव."

दुपारी ती स्वतः वखारीत गेली. अकरा ओंडके लावलेले होते. दांडा तीन ओंडक्यांवर वाजला. एकाला भाच्यानं तिथल्या तिथे छिन्नी लावली, तर गंजलेला आकडा निघाला.

मालकाला तो आकडा दिसला, पण बोलला तो दुसरंच. "आत्याबाई, वाजता करा म्हणालो होतो. इतका वाजता नव्हे. चढव रे ते उरलेले दोन."

"नाही चढवणार," भाचा म्हणाला.

"मग घरी बस."

भाच्यानं डबा उचलला. मालकानं दांडा ऑफिसातल्या कपाटात टाकून कुलूप लावलं. आत्यानं सगळ्या वखारीसमोर त्याला जे सुनावलं, त्यातला प्रत्येक शब्द तिथल्या माणसांना आवडला, आणि एकही जण जागचा हलला नाही.

घरी भावजयीनं तोंड सोडलं. "तुमच्या दांड्यापायी माझ्या पोराचं काम गेलं, वन्सं."

"काम गेलं, पोरगा आहे. त्याला जेवायला वाढ," आत्या म्हणाली.

मालकानं दुसऱ्याच दिवशी नवा करवतवाला आणला. आत्या दोनदा वखारीच्या फाटकाशी जाऊन त्याला सांगून आली, की यंत्र मागून घे, ते चांगलं चालतं. पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, "मागितलं होतं, मावशी. मलाही दोन मुली आहेत. आधीच्याचं काय झालं ते मला माहीत आहे."

आत्या तिसऱ्यांदा जाणार होती, ती राहिली. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी पावणेबाराला, करवतीची पट्टी खिळ्यावर तुटून तो माणूस मेला.