नाव कमी केल्याचा दाखला

"ताई, रेशनकार्ड पांढरं आहे," काउंटरमागची मुलगी म्हणाली. "पांढऱ्याला योजना लागत नाही."

तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर अपूर्वा असं नाव होतं. सरकारी आरोग्य योजनेचे कागद तपासण्यासाठी तिला हॉस्पिटलात बसवलेलं होतं. मी माझी प्लास्टिकची फाइल तिच्यापुढे सरकवली. दिव्यांग प्रमाणपत्र : पोलिओ, डावा पाय, बासष्ट टक्के. त्याखाली दरमहा येणाऱ्या पेन्शनचं पत्र.

"हे बघ, सरकारच मला निराधार म्हणतंय," मी म्हटलं. "उगाच पेन्शन देतंय का?"

"पेन्शनचं ऑफिस वेगळं ना ताई. आम्ही कार्डाचा रंग बघतो. कार्डावर कोण कोण आहे?"

"आई, भाऊ, भावजय, त्यांची मुलगी. आणि मी."

"भावाच्या पगारामुळे पांढरं झालंय. तुमचं नाव तिथून कमी करा आणि एकटीचं कार्ड काढा. तुमच्या उत्पन्नावर केशरी मिळेल, मग सगळं ऑपरेशन योजनेत बसेल. पण लवकर करा हां. डॉक्टरांनी महिन्याच्या आत लिहिलंय."

माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. पाय मी तीन वर्षांची असतानाच गेला, त्याच्याशी माझं जमलेलं होतं. पण त्रेचाळीस वर्षं गुमान चाललेल्या हृदयानेही असं वागावं, याचा मला मनापासून राग आला होता. आधी जिने चढताना धाप लागायची, मग सपाटीवर लागायला लागली.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. माझा धाकटा भाऊ निलेश मान खाली घालून चहा ढवळत बसला. साखर केव्हाच विरघळली होती. "ताईचं नाव काढायला लागेल" हे वाक्य त्याला बोलवेना. त्याची बायको श्वेताही ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. बोलली ती आई.

"नाव कमी होता ता दोघांचा," ती म्हणाली. "लगीन होऊन गेलेल्या चेडवाचा, नायतर मेलेल्या माणसाचा. हिचा कशापायी कमी करतास?"

"आई, फक्त कागदावर गं," निलेश म्हणाला. "ताई कुठे जाणारे? इथेच राहणार ना ती."

"तुझ्या बापाशीचा नाव काढलंस कागदावरसून. ते रवले काय इथे?"

बाबांच्या नावावर मारलेली लाल रेघ त्या कार्डावर अजून आहे. शेवटी मीच म्हटलं की उद्या जाते रेशन ऑफिसला, एकटी जाते, रिक्षाने जाते, कुणी सोबत येऊ नका.

माझा धंदा साडीला फॉल-पिको करण्याचा. आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी माझं मशीन आहे. मोटर बसवल्यापासून त्याला एकच पाय पुरतो. लग्नाचे शालू माझ्याकडे येतात, सोबत पत्रिका येते, कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेली. लग्नानंतर त्याच मुली माहेरी आल्या की माझ्याकडे टेकतात आणि सांगतात, "अबोलीताई, उद्या नाव कमी करायला जायचंय. सासरच्या कार्डात चढवायचंय." म्हणजे ही सगळी भानगड मला पाठ होती. माझ्यावर कधी वेळ येईल असं वाटलं नव्हतं, इतकंच.

रेशन ऑफिसात माझ्यापुढे तीन मुली होत्या, तिघींच्या हातात हिरवा चुडा. खिडकीतले साहेब मान वर न करता विचारत होते. "सासर कुठलं?" "मानखुर्द." शिक्का. "सासर कुठलं?" "बोरिवली." शिक्का. माझी पाळी आली तेव्हा साहेबांचा फोन वाजला. फोन खांद्याने कानाशी दाबून त्यांनी माझा अर्ज घेतला, हॉस्पिटलचं पत्र बघून "बरं बरं" म्हणाले, निलेशच्या कार्डावरच्या माझ्या नावावर रेघ मारली आणि दाखला लिहून माझ्या हातात दिला. मला त्यांनी काहीही विचारलं नाही. काठी सांभाळत मी बाहेर आले.

दाखला वाचला तो रिक्षात बसल्यावर. नाव, वय, कार्डाचा नंबर, सगळं बरोबर होतं. खाली लिहिलं होतं : नाव कमी करण्याचे कारण – विवाह.

मी आधी हसले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. मग त्याला "वळव रे, परत चल" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. हा दाखला घेऊन वेगळं कार्ड मिळणार नव्हतं, हे मला कळत होतं. विवाह म्हटलं की नवऱ्याचं कार्ड कुठे आहे असं विचारणार. म्हणजे दुरुस्ती करायला हवी होती, आणि तीही आजच. रिक्षा मात्र नाहूरला आली. मी पैसे दिले, दोन जिने चढले, आणि दाखला मशीनच्या खणात बॉबिनांच्या डबीखाली ठेवला.

मला लग्न हवं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. एकतिसाव्या वर्षी शेवटचं स्थळ आलं. मुलाच्या मामाने मला दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मी चालले. मंडळींनी चहा संपवला, बशी जागेवर ठेवली आणि पुन्हा काही आली नाहीत. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही, आणि मीही थट्टामस्करीत दिवस काढायला शिकले. इतकी शिकले की मला काही नकोच आहे, असा सगळ्यांचा समज झाला.

त्या दिवसापासून दुपारी घर सामसूम झालं की मी दाखला काढून वाचायची. नवऱ्याला मी चेहरा दिला नाही, त्या भरीस पडले नाही. मी फक्त घर मांडलं. बोरिवलीला मांडलं, कारण तिथे आमचं कुणी नाही, न सांगता कुणी टपकणार नाही. तिथला ओटा मी स्टुलावर बसून हात पोचेल इतका बुटका होता. श्वेता गुणाची आहे, पण "ताई, तुम्ही बसा" हे मी तिच्याकडून सोळा वर्षं ऐकतेय. तिला वाटतं मला उभं राहवत नाही, आणि ते खरंच आहे. पण माझ्या मनासारखं तिखट घातलेलं बांगड्याचं तिखलं मी आयुष्यात एकदाही केलेलं नाही. बोरिवलीच्या त्या घरात मी ते रोज करत होते. दारावरची बेल वाजली की "आले, आले" म्हणत होते. आणि त्या घरातल्या कार्डावर माझं नाव दुसऱ्या नंबरला होतं.

असे नऊ दिवस गेले. "काय झालं गं कार्डाचं?" निलेशने दोनदा विचारलं. "साहेब रजेवर आहेत," मी दोन्ही वेळा सांगितलं. तो स्वतः जाऊन भांडायला निघाला, तर मीच त्याला अडवलं. माझी मलाच लाज वाटत होती. तरी दुपार झाली की हात खणाकडे जायचाच.

नवव्या दिवशी अपूर्वाचा फोन आला. मी तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून रिळं घेऊन परत येत होते.

"ताई, पुढच्या मंगळवारी डॉक्टरांकडे एक जागा आहे. शनिवारपर्यंत कार्ड आणाल का? नाही तर मग दीड महिन्यानंतरची तारीख मिळेल."

"आणते," मी म्हटलं आणि जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यापर्यंत गेले आणि श्वास पुरेना. पायरीवर बसले. पिशवी हातातून सुटली आणि रिळं खाली घरंगळत गेली. छातीवर कुणीतरी पाय देऊन उभं राहिल्यासारखं वाटत होतं. मला मरायचं नाही, हे त्या पायरीवर मला अगदी स्वच्छ कळलं.

किती वेळ गेला कोण जाणे. वरून आईची चाहूल लागली. बहात्तर वर्षांची बाई, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आली आणि माझ्या शेजारी बसली. पदराने माझ्या तोंडावरचा घाम पुसला.

"साहेब अजून रजेर आसत?" तिने विचारलं.

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच माहीत नव्हतं.

"जा गो. काय ता काम करून ये," आई म्हणाली. "माका तू व्हयी."

तिने एवढंच म्हटलं. मी तिला हवी आहे. मग ती उठून चार पायऱ्या खाली गेली आणि वाकून वाकून रिळं गोळा करायला लागली. मी नको नको म्हणत होते, ती ऐकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेशन ऑफिसला पोचले. आत जाण्याआधी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी थांबले आणि दाखला पुढे केला.

"किती काढू?" त्याने विचारलं.

"एक."

"दोन-तीन काढून ठेवा मॅडम, लागतात."

"ह्याची एकच."

ती झेरॉक्स मी फाइलमध्ये सगळ्यात मागे ठेवली आणि आत गेले. साहेबांनी दाखला बघितला, मग माझ्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता. त्याचे कानही लाल झाले.

"अरेरे. हात सवयीने चालतो हो ताई. दिवसाला वीस-पंचवीस असतात, सगळ्या लग्नाच्याच. तुम्ही लगेच का नाही आलात? नऊ-दहा दिवस गेले की."

"वाचलंच नव्हतं मी," मी म्हटलं.

त्यांनी जुना दाखला फाडला. उभा एकदा, आडवा एकदा. नवा लिहिला : कारण – स्वतंत्र शिधापत्रिका. हॉस्पिटलचं पत्र वर लावून स्वतः उठून आतल्या खोलीत सही आणायला गेले. शुक्रवारी माझं केशरी कार्ड हातात आलं. कुटुंबप्रमुख : अबोली. एकूण व्यक्ती : एक.

संध्याकाळी निलेशने ते उलटसुलट करून बघितलं. "चला ताई, तू आता प्रमुख," तो म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. मग एकदम उठून गॅलरीत गेला. श्वेताने त्या दिवशी पहिल्यांदा मला विचारलं, "ताई, उद्या तिखलं तुम्ही करता का? मी गॅस खाली ठेवून देते." माझ्या मनातलं तिला कसं कळलं, मी विचारलं नाही. आईने कार्ड चष्मा लावून, अक्षर अक्षर जोडून वाचलं. मग म्हणाली, फाइल आण, हॉस्पिटलात न्यायचे कागद मी नीट लावते. तिला कागद लावायची हौस आहे, म्हणून दिली. शनिवारी निलेशने कार्डाची झेरॉक्स अपूर्वाकडे पोचती केली.

सोमवारी भरती व्हायचं होतं. निलेश गाडी उभी करायला गेला. आई कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली आणि मी काउंटरवर गेले. अपूर्वा खुश झाली.

"आलात ताई. द्या, मूळ कागद बघते."

तिने फाइल घेतली आणि एकेक कागद काढून टेबलावर ठेवायला लागली. केशरी कार्ड. दिव्यांग प्रमाणपत्र. पेन्शनचं पत्र. डॉक्टरांची चिठ्ठी. आधार. मला आठवलं तेव्हा उशीर झाला होता. तिच्या हातात शेवटचा कागद होता.

"हे काय आहे ताई? ह्याला कुंकू लागलंय."

ती जुन्या दाखल्याची झेरॉक्स होती. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. निलेशच्या लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवताना आईने अशीच बोटं लावली होती, मीच तबक धरून उभी होते. एका कोपऱ्यात कुंकू जरा जास्त झालं होतं आणि पुसायचं म्हणून पसरलं होतं.

मी मागे वळून बघितलं. आई आमच्याकडे बघत नव्हती. ती भिंतीवरच्या टोकन नंबरांकडे बघत होती, आणि आमचा नंबर तर कधीच येऊन गेला होता.

"हा योजनेला द्यायचा आहे का?" अपूर्वाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तो घरचा आहे. दे इकडे."

तिने दिला. कुंकू दुसऱ्या कागदांना लागू नये म्हणून मी तो घडी न घालता, वेगळ्या कप्प्यात ठेवला. मग अपूर्वाने पुढे केलेल्या फॉर्मवर, जिथे तिने बोट ठेवलं होतं तिथे, माझं नाव लिहिलं.