मिठाचं विचारायचं राहिलं

नवरात्राची पाचवी माळ होती. ओपीडी संपायला दोन वाजले. वॉर्डामागच्या खोलीत मी डबा उघडला तेव्हा समोर भागुबाई मावशी जेवत होत्या. भागुबाई म्हणजे आमच्या मानसोपचार वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या मावशी. नवीन रेसिडेंट आला की पहिल्या आठवड्यात त्याची नस ओळखतात आणि पुढची तीन वर्षं त्याची टिंगल करतात. माझं दुसरं वर्ष चालू होतं, म्हणजे अजून बरीच टिंगल बाकी होती.

त्यांच्या डब्यात नुसती भगर होती. मी वेफर्सचं पाकीट पुढे केलं. उपासाला वेफर्स चालतात एवढं नाशकात वाढलेल्या कुठल्याही पोरीला माहीत असतं, मग ती शेखांच्या घरची का असेना.

"नको इन्शा डॉक्टर. माझं अळणी असतंय."

"अळणी म्हणजे?"

"नऊ दिवस मीठ तोंडात घ्यायचं नाय. साधं नाय न् सैंधव बी नाय. गडावरच्या देवीला बोललेलं असतंय. आमच्या वणीकडं लय बाया धरतात."

मी अगदी सहज मान हलवली आणि पुढचा घास घेतला. वणीकडं, म्हणाल्या होत्या त्या.

छायाबाई वणीकडच्याच.

त्यांना घरी सोडून बारा दिवस झाले होते. वय चौतीस, घरचा झेंडूचा मळा. ऑगस्टमध्ये आल्या तेव्हा चार रात्री झोपल्या नव्हत्या, बोलणं थांबत नव्हतं, आणि गाडीभर फुलं त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या अंगावर उधळली होती. पाच आठवड्यांत त्या लिथियमवर छान स्थिरावल्या. माझी पेशंट, माझी केस, राउंडला मी मिरवत होते. आणि लिथियमचं असं आहे की ते मिठाच्या नात्यातलं औषध. शरीराला मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियमच धरून ठेवतं आणि ते रक्तात साचत जातं. आधी हात थरथरतात, मग उलट्या होतात, जीभ जड होते, तोल जातो. त्यानंतर माणूस हाती लागेलच असं सांगता येत नाही.

घरी जायच्या दिवशी छायाबाईंनी मला विचारलं होतं, "मॅडम, देवीचे नऊ दिवस धरले तर चालतील ना?"

मी कार्ड लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "धरा की. पाणी तेवढं भरपूर प्या."

कार्डावर 'उपवास / रोजा : सूचना दिल्या' असा रकाना आहे. तो माझ्याच हट्टाने छापलाय. रमजानच्या आधी मी रोजा धरणाऱ्यांसाठी मराठीत आणि उर्दूत चिठ्ठी तयार केली होती आणि लिथियमवरच्याच हनीफचाचांना तर सहरीला किती पेले पाणी, इफ्तारला काय काय, असं विचारून वीस मिनिटं पिडलं होतं. शेवटी ते म्हणाले, बेटी, आता रोजा तूच धर. छायाबाईंच्या कार्डावर त्याच रकान्यापुढे मी ऐटीत खूण केली होती. माझ्या घरातला उपास मला माहीत होता म्हणून मी खोदून खोदून विचारलं. त्यांच्या घरातला उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, तीही मला माहीतच आहे असं धरून चालले.

खरं सांगायचं तर मी लगेच उठले नाही. दोन-तीन मिनिटं तिथेच बसून राहिले. पुढच्या आठवड्यात त्या तपासणीला येणारच आहेत, तोवर काही होणार नाही, सगळ्याच बाया कुठे अळणी धरतात, असं माझं डोकं मला समजावत होतं. मला स्वतःचा इतका राग आला की डबा तसाच उघडा टाकून मी दीपमाला मॅडमच्या खोलीत गेले.

मॅडम आमच्या युनिटच्या प्रमुख. त्यांचा आवाज कधी चढत नाही आणि आम्ही सगळे रेसिडेंट त्यालाच घाबरतो. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"डोस किती?"

"नऊशे."

"रक्तातली शेवटची पातळी?"

"शून्य पॉइंट आठ. सोडायच्या आदल्या दिवशी."

"फोन लाव."

छायाबाईंचे यजमान सावळीराम यांचा नंबर कार्डावर होता. तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पाच वेळा लावला, पाचही वेळा बाहेर. मॅडमनी तिकडच्या सरकारी दवाखान्यात फोन केला. यात्रेमुळे तिथले निम्मे लोक आणि गाडी गडावर होती, मोकळी झाली की पाठवतो म्हणाले. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

"रक्त घ्यायला सिरिंज, ट्यूब आणि बीपीचं यंत्र घे. तू नीघ. इथून मी फोन करत राहते."

"मॅडम, ही चूक माझी..."

"ते नंतर. तिला डोळ्यांनी बघ आणि मला कळव."

यात्रेची जादा बस मिळाली, पण खच्चून भरलेली. सगळे खुशीत होते. पुढे कुणी आरती म्हणत होतं, कुणी केळी वाटत होतं, आणि मला त्या प्रत्येक माणसाचा राग येत होता. दिंडोरीला बस पंधरा मिनिटं थांबली तेव्हा मी कंडक्टरशी भांडले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, देवी नऊ दिवस कुठं जात नाय." पुढे ज्योत घेऊन पळणारी पोरं रस्त्यावर, त्यांच्यामागे बस बैलगाडीसारखी. खिडकीशी उभी राहून मी मनातल्या मनात छायाबाईंना तपासत होते. आज त्यांचा तोल जात असेल. आज त्या कुणाला ओळखत नसतील. पाचव्या दिवशी काय काय होऊ शकतं हे मला पुस्तकातल्या पानासकट पाठ होतं, आणि त्या पाठांतराचा आता मला नुसता त्रास होत होता.

फाट्यावर उतरून मी मळ्यातून चालत सुटले. दोन्ही बाजूंनी झेंडू. घर दिसलं आणि माझे पाय थांबले.

अंगणात बायका बसल्या होत्या. दहा-बाराजणी, गोल करून, माना खाली घालून. कुणी बोलत नव्हतं.

अंगणात अशा बायका कधी बसतात ते मला माहीत होतं. बांधावर एक दगड होता, त्याला धरून मी उभी राहिले. पुढे जायचं नाही, इथूनच मागे फिरायचं, असंही मनात येऊन गेलं. मग त्यांतल्या एकीने मान वर केली आणि ओरडून म्हणाली, "अगं, तो लांब दोरा हिकडं दे."

त्या हार करत होत्या. प्रत्येकीच्या पुढ्यात झेंडूचा ढीग होता. आणि मधोमध, हिरव्या साडीत, पाय पसरून छायाबाई बसल्या होत्या.

मी हाक मारली नाही. त्या हारासाठीची लांब सुई डोळ्यांसमोर धरून दोरा ओवत होत्या आणि मला तेवढंच बघायचं होतं. हात थरथरणाऱ्या माणसाला ते जमत नाही. त्यांनी दोरा ओठांत ओला केला, एक डोळा मिटला, आणि दोरा एका दमात आरपार गेला. माझा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे असा की मी बांधावरच खाली बसले आणि रडायला लागले.

"अगं बाई, डॉक्टर मॅडम," छायाबाई उठल्या. माझ्याकडे सरळ चालत आल्या, कुठेही न झुकता. ते चालणंही मी मोजलं. "काय झालं? घरी बरं हाय ना सगळं?"

मी डोळे पुसत विचारलं, "तुम्ही अळणी धरलंय का?"

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मागे ओसरीकडे पाहिलं. तिथे त्यांच्या सासूबाई, सखुबाई, खांबाला टेकून बसल्या होत्या. "त्यांनी मोडलं माझं. तिसऱ्या दिवशीच," छायाबाई म्हणाल्या. "एक दिवस बोलत नव्हते मी त्यांच्याशी."

सखुबाईंनी मला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. छायाने दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातातला चहा सांडला, सुई ओवता येईना, वर एक उलटी झाली. शेजारीण लगेच कुंकू घेऊन आली, म्हणे हिच्या अंगात येतंय.

"म्या म्हणलं, देवीला यायचं आसंल तर ती माझ्या अंगात यील. ही आजारातनं उठलेली पोर हाय. तिला पिठलं-भाकर खाऊ घातली, दोन तांबे सरबत पाजलं, आन् बाकीचे दिवस मी धरले. देवीला काय, घरातलं कुणी बी चालतंय."

"दवाखान्यात फोन केला नाही?"

"लावला की सावळीरामनं. यात्रेत कुठं लागतोय? आता तो गडाच्या पायथ्याला हार घिऊन बसलाय, तिथं बी रेंज नाय." मग त्या म्हणाल्या, "मला पहिल्या दिवशीच पटत नव्हतं बघ. गोळ्या चालू असताना अळणी कशाला? पण ही म्हणली, डॉक्टरीणबाईंनी हां म्हणलंय. म्हणलं, शिकलेली बाई हाय, तिला कळत आसंल."

हे त्या टोचून बोलल्या नव्हत्या. टोचून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मला कळलं नव्हतं, आजी," मी म्हणाले. "मी विचारायला हवं होतं. मी चुकले, आणि त्यात छायाबाईंचा जीव गेला असता."

अंगणातल्या बायकांचे हात थांबले. छायाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मी मिठाचं बोललेच नव्हते तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही नाय म्हणाल म्हणून. नुसतं नऊ दिवस म्हणलं."

"तरी विचारणं माझं काम होतं."

"मग आता विचार," सखुबाई म्हणाल्या. "काय काय विचारायचं ते सगळं विचार पोरी. आम्ही सांगतो."

मी विचारलं. पाणी किती, लघवी कशी, उलटी पुन्हा झाली का, गोळ्या रोज घेतल्या का. गोळी त्यांनी एकही चुकवली नव्हती. जीभ बघितली, हात पुढे धरायला लावले, ओसरीवर सरळ रेषेत चालवलं. त्या चालताना बायका हसत होत्या आणि छायाबाईही. बोटांना बारीक कंप होता, लिथियम घेणाऱ्या कुणालाही असतो तेवढाच. रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत गोळी बंद, आणि फाट्यावरच्या दुकानदाराच्या फोनवर उद्या सकाळी मी स्वतः कळवीन, असं लिहून दिलं. मग सखुबाईंचा रक्तदाबही तपासला, कारण आता मिठावाचून त्या होत्या. त्यांचा माझ्यापेक्षा चांगला निघाला.

फाट्यावर आल्यावर कुठे रेंज मिळाली. मॅडमनी पहिल्या घंटीला फोन उचलला.

"बऱ्या आहेत," मी म्हणाले. "चालतायत, हसतायत, सुईत दोरा ओवतायत. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी उपास मोडला. रक्त घेतलंय."

मला वाटलं फोन कट झाला.

"मॅडम?"

"आहे." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "मी दुसऱ्या वर्षाला असताना एक बाई होती, इन्शा. लिथियमवरची. उन्हाळा होता, जुलाब लागले तर काय करायचं ते मी तिला सांगितलं नव्हतं. मला आठवलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. म्हटलं, उद्या बघू."

रस्त्यावरून ज्योतवाली पोरं जयजयकार करत गेली. मी दुसऱ्या कानावर हात धरला.

"मी गेले नाही," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी कळलं, ती गेली."

ट्यूब असलेली पिशवी मी छातीशी धरली.

"उद्या सकाळच्या बैठकीत ही केस सगळ्या रेसिडेंट्ससमोर मांडायची. रकान्यातल्या खुणेसकट."

"हो, मॅडम."

"आधी तू तुझी मांड," त्या म्हणाल्या. "मग मी माझी मांडते. बावीस वर्षांत कुणाला सांगितलेली नाही."