चोक अडीच दहा

अकोल्याच्या एका जिवाणू खताच्या कारखान्यात प्रयोगशाळेतल्या एकाच जागेसाठी आठ जणांनी पेपर दिला. पौर्णिमानं सगळ्यांच्या शेवटी दिला, कारण तिचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर होतं. बाहेर निंबाखाली तिच्या सासूबाई, पार्बताबाई, आठ महिन्यांच्या आचलला घेऊन बसल्या होत्या आणि पोरीनं तोंडात काहीतरी घातलेलं दिसत होतं.

धावत येऊन तिनं आधी आचलच्या तोंडात बोट घातलं. पदराचं टोक निघालं.

"पदर हाय, विंचू नाही," पार्बताबाई म्हणाल्या. "पेपरात काय इचारलं, ते सांग."

"एका ग्रॅम पावडरीत चार गुणिले दहाचा आठवा घात इतके जिवाणू. म्हणजे चाळीस कोटी. पाकीट अडीचशे ग्रॅमचं. तर पाकिटात किती?"

"मंग कसं केलं?"

"अडीचशे म्हणजे अडीच गुणिले दहाचा दुसरा घात. घातांची बेरीज करायची, आठ नि दोन दहा. पुढच्या आकड्यांचा गुणाकार."

"चोक अडीच दहा." पार्बताबाई चौथीपर्यंतच शिकलेल्या, पण अडीचकीचा पाढा अजून तोंडपाठ.

"पण पुढं दहा ठेवत नाहीत, दहाच्या आतला आकडा लागतो. म्हणून एक लिहिला. एक गुणिले दहाचा दहावा घात."

"अन् दहातलं शून्य कुठी गेलं?"

पौर्णिमानं बोटांवर पुन्हा मोजलं. ते शून्य घातात जायला हवं होतं. दहावा नाही, अकरावा.

ती तशीच आत गेली. परीक्षा घेणारे चिंतामण सर पेपर तपासत होते.

"सर, माझं उत्तर दहा पटीनं कमी आलंय."

"पेपर परत मिळणार नाही, ताई."

"पेपर नको. पण पाकिटावर हाच आकडा छापला असता, तर शेतकऱ्यानं एकाच्या जागी दहा पाकिटं नेली असती. म्हणून सांगायला आले."

सरांनी चष्मा काढला. "आणखी चौघांनी हीच चूक केलीय, उरलेल्या तिघांचं उत्तर भलतंच आहे. सगळे एसटीत बसले असतील आता. इथं छापायच्या आधी आकडा पुन्हा बघणारं माणूस लागतं. सोमवारी साडेनऊला या."

बाहेर येऊन तिनं सासूबाईंना घट्ट धरलं, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "पण आई, आचल दिवसभर माझ्याशिवाय..."

"तू दोन घंटे आत होती. तिनं एक डाव बी तुई आठवन नाही काढली."

पौर्णिमाला जरासं वाईट वाटलं. मग हसू आलं, ते बार्शीटाकळीच्या बसमध्ये बसेपर्यंत थांबेना.