लग्नाआधी वाचायचं पुस्तक

मी भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचणारी बाई. दिवसभर कवळ्या बनवते. परक्या तोंडांचे साचे हाताळून झाले की संध्याकाळी डोक्याला आणखी ताप नको असतो. तरीही ते जाडजूड अभिजात पुस्तक हाती घेतलं, कारण स्थळ बरं होतं. मुलगा हसरा, बोलायला मोकळा. आणि स्थळं बघून बघून मी विटले होते. हे जमावं असं मला मनापासून वाटत होतं.

"आमच्या घरची पद्धतच आहे," तो म्हणाला होता. "बाबांनी लग्नाआधी आईला हेच वाचायला दिलं होतं. वाच, मग ठरवू. झेपेल ना? यात भुतं नाहीत हं."

खिजवलं की मी पेटते. म्हटलं, बघतेच.

भुतं परवडली! नायक शेकडो पानं खिडकीशी बसून जीवनाचा अर्थ शोधतो. बायको दागिने विकते, मुलांची दुखणी काढते, याचे पाय चेपते आणि वर 'माझं भाग्य' म्हणते. लेखकाला तर तिचा खोकलाही गोड वाटतो. शेवटी ती मरते आणि हा गाढव तिच्यावर कविता करतो. मला शिसारी आली. एकदा जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं, तर डबा तसाच बंद करावा लागला. तरी जिद्दीने शेवटचं पान गाठलं. न वाचता नावं ठेवणं मला जमत नाही.

ठरल्या दिवशी त्यांच्या घरी गेले. तो आणि त्याचे वडील सोफ्यावर बसले होते. आई चहा घेऊन आली.

"मग? कशी वाटली ती?" त्याने विचारलं. "आदर्श आहे ना?"

"ती बिचारी. आणि तो आयत्या बिळावरचा नागोबा. किळस आली मला त्याची."

वडिलांनी कप खाली ठेवला. "आमच्या हिला फार आवडलं होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी!"

आई ट्रेकडे बघत राहिली.

"तुला कळलं नाही," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "पुन्हा वाच."

"तुला त्यातलं काय आवडलं?"

"मी कुठे वाचलंय? एवढं जाड! ते मुलीने वाचायचं असतं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! आता तो हसरा चेहराही नकोसा झाला. "आपलं जमणार नाही," असं सांगून मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उठले.

चपला घालत होते, तेवढ्यात आई मागोमाग दारापर्यंत आली. हातात तेच पुस्तक.

"अगं, हे विसरलीस," ती मोठ्याने म्हणाली.

"माझं नाही ते, काकू."

तिने ते माझ्या पिशवीत कोंबलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"घेऊन जा गं. इथे राहिलं तर पुढचीला देतील."