जपान पुसून आलेले फडके

मित्रांनो, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या या घरात मागच्या दाराशी खुंटीवर एक जुने, करडे फडके वाळत घातलेले दिसते ना, ते मी. मूळचे मी पांढरेशुभ्र. या घरातल्या आजी, रत्नाबाई, नागपूरला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या दिवशी जे लुगडे नेसून गेल्या होत्या, त्याच्या पदराजवळचा मी तुकडा. ते लुगडे पुढे त्यांच्याबरोबर अमेरिकेत, त्यांच्या मुलाच्या, भानुदासच्या घरी आले.

१९९४ साली त्यांची नात नैना जपानमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला गेली. तिथून तिने फोन केला, "आजी, मला एक जुनं कॉटनचं कापड डबल करून, शिवून पाठव ना. इथे सगळे घरून आणतात." आजींना वाटले, वर्गातल्या टेबलावर घालायला हवे असेल. एवढ्या लांब नात एकटी, म्हणून त्यांनी पेटीतले तेच लुगडे काढले आणि गोधडीसारखे बारीक टाके घालून मला शिवले.

शाळेत पोचताच नैनाने मला बादलीत बुडवले! मी हबकलेच. तिथे रोज दुपारी जेवणानंतर गाणे लागे आणि सगळी शाळा जमिनीवर उतरे. दोन्ही हात फडक्यावर, पाठ वर, अशी मुले व्हरांड्यातून धावत सुटत. नैना आणि मी नेहमी शेवटी पोचायचो.

जमिनीलगत राहून मला माणसे पायांवरून ओळखू येऊ लागली. बाहेरचे बूट दाराशी, आत वेगळ्या सपाता, संडासात आणखी वेगळ्या. एकदा नैना संडासातल्याच सपाता घालून वर्गात आली, तेव्हा हसू दाबून मुले लालबुंद झाली. पहिल्या परीक्षेत तिने बरोबर उत्तरांवर टिक केली. तिथे टिक म्हणजे चूक, बरोबरला गोल काढतात. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी ढसाढसा रडली. मग नैनाने बसून प्रत्येक टिकेभोवती गोल काढला.

१९९६च्या मार्चमध्ये आम्ही परत आलो. बॅग आजींनीच उघडली.

"हे माझं लुगडं? टेबलासाठी दिलं होतं गं. असं कसं झालं?"

"आजी, याने आम्ही फ्लोअर क्लीन करायचो. रोज."

आजींचा हात थांबला. "माझी आई जन्मभर लोकांची अंगणं झाडत होती. आपल्यावर पुन्हा ती वेळ येऊ नये म्हणून तुझ्या बापाला शिकवलं. आणि तू शिक्षिका होऊन जमीन पुसलीस? ह्या लुगड्यानं?"

त्या मला कचऱ्याच्या डब्याकडे घेऊन निघाल्या. मला वाटले, संपले माझे.

"आजी, प्लीज! आधी हा फोटो बघ."

आजींनी चष्मा लावला. "हा टायवाला कोण?"

"हेडमास्तर."

"गुडघ्यांवर?"

"रोज. ही डॉक्टरची मुलगी, ही मासेवाल्याची."

"मग शिपाई कुठाय?"

"वर्ग पुसायला शिपाई नसतोच. जो वापरतो, तो पुसतो."

आजी खुर्चीत बसल्या. "म्हणजे ते एकाच घरच्या माणसांच्या वाट्याला येत नाही?"

"नाही, आजी."

त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले. टाक्यांवरून बोट फिरवले. एकही उसवला नव्हता.

तेवढ्यात भानुदास शिकागोहून ऑफिस सुटून आले. बर्फात भिजलेल्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात.

"भानुदास, हे घे. पूस."

"मी? आई, वसुधा करेल ना."

"हेडमास्तर करतो. तू कोण मोठा लागून गेलास?"

नैनाच्या आईला, वसुधाबाईंना, हसू आवरेना. इंजिनिअरसाहेब टाय खांद्यावर टाकून खाली वाकले. नैना ओरडली, "बाबा, पाठ वर! फास्ट!" त्या दिवसापासून या घरात माझ्याने पुसायची पाळी ठरलेली असते. रविवार आजींचा. त्या मला स्वच्छ धुऊन टेबल पुसतात, ते त्यांनी मागून घेतले आहे.

आता मी मधोमध विरत चालले आहे. पण मित्रांनो, मला पेटीत जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. तुमच्या बुटांचा चिखल फरशीवर दिसला, तर कुणाला हाक मारू नका. मला खुंटीवरून काढा आणि वाका. नंतर घट्ट पिळून वाळत घाला, एवढे पुरे.