उलटी लाइन

पंपघरात विजेच्या दोन लाइनी येत. पहिली गेली की पंप चालवणाऱ्या मामांनी मोठा दांडा ओढून दुसरी लावायची, हा बावीस वर्षांचा शिरस्ता. दुसरी लाइन मात्र उलटी होती. अकरा वर्षांपूर्वी केबल दुरुस्त करताना कुणीतरी दोन तारांची अदलाबदल केली होती. ती तशीच लावली तर पंप उलटे फिरत. त्या दोन तारा परत पलटवणारा एक छोटा खटका मामांनी पॅनेलच्या मागे बसवला होता. आधी तो फिरवायचा, मग दांडा. बदली माणसाच्या हातून पंप उलटे फिरले की साहेब म्हणत, "मामांनाच बोलवा." तारा सरळ करणं दहा मिनिटांचं काम होतं. मामांनी ते कधी केलं नाही.

आता साहेबांनी रिले आणला. लाइन गेली की हे डब्याएवढं यंत्र आपणच दुसरी लावणार. ते नीट चाललं की मामांनी फाटकावर बसायचं, असंही साहेबांनी सांगून टाकलं. बसवायला आला तो मामांचा सख्खा भाचा. त्याला या कामाला त्यांनीच लावलं होतं.

"मामा, इथलं काही खास? नंतर माझ्या नावाने बोंब नको."

"आम्हा अडाण्यांचं काय खास असणार? शिकलेला तू."

चाचणीच्या सकाळी भाच्याने दुसरी लाइन जोडली आणि साहेबांसमोर पहिली तोडली. मामा भिंतीला टेकून बघत होते. एकदाच उलटे फिरू देत, मग साहेब आपल्याकडे वळतीलच.

पंप फिरलेच नाहीत. रिलेने दुसरी लाइन घेतलीच नाही. त्याच्या छोट्या पडद्यावर ओळ उमटली: 'तारांचा क्रम उलटा'. ती वाचून भाचा पॅनेलच्या मागे गेला आणि त्याचं बोट खटक्यापाशी थांबलं.

"काय झालं रे?" साहेबांनी विचारलं.

"जोडणीत माझीच चूक झाली, साहेब. दहा मिनिटं द्या."

तारा सरळ झाल्या. पुन्हा लाइन तोडली, तर दोन सेकंदांत पंप घुमू लागले.

"चुकतोस, पण यंत्र चांगलं आणलंस," साहेब जाता जाता म्हणाले.

भाच्याने खटका सोडवून मामांच्या हातात दिला.

"मला तरी सांगायचं होतंत."

मला विचारतो कोण, असं मामांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याने विचारलं होतं. खटका खिशात टाकून ते बाहेर आले. फाटकाशी त्यांची खुर्ची आधीच नेऊन ठेवलेली होती.