फेतूच्या दंडाचा आकडा

"आईला आपियाच्या दवाखान्यात घेऊन जा, आकडा फार चढलाय," असं मासीना सिस्टरने बजावलं, तेव्हा सेउला हसली होती. "आईला काही झालेलं नाही, सिस्टर. तुमचं यंत्रच खोटं बोलतं," ती म्हणाली.

मित्रांनो, ते खोटं बोलणारं यंत्र म्हणजे मी. मी एक जुना रक्तदाबमापक आहे. सेउलाचं म्हणणं निम्मं खरं होतं, आणि घोळ झाला तो त्या निम्म्या खऱ्यामुळेच.

कारखान्यात मला गोल चेहरा मिळाला, त्यावर एक काटा, खाली रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा. बोटीच्या पोटात बसून मी सामोआला आलो आणि उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात मासीना सिस्टरच्या पिशवीत राहू लागलो. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गावच्या महिला मंडळाच्या बायका त्यांच्या बिनभिंतींच्या घरात जमत. समुद्राचा वारा आरपार वाहत असे. चटई विणता विणता एकेक जण माझ्यापुढे हात करी. लहान मुलं मला घड्याळ समजून किती वाजले ते विचारत.

माझा पट्टा मात्र तोकडा होता. ज्याने तो शिवला त्याने सामोआतल्या बाईचा दंड कधी पाहिला नसावा. पट्टा नीट वेढा घालू शकला नाही की काटा उगीच वर चढतो. त्यामुळे धडधाकट बायकांनाही मी आजारी ठरवत असे. फेतू, म्हणजे सेउलाची आई, दर वेळी दंड पुढे करून म्हणायची, "घे, डुकराची मांडी आहे. पुरते का बघ." पट्टा फटकन सुटायचा आणि घरभर हशा पिकायचा. मला फार ओशाळल्यासारखं होई.

सेउला राजधानी आपियाच्या कॉलेजात शिकून गावच्या शाळेत शिकवायला आलेली. कडेवर सात महिन्यांचं बाळ. बाळाला शिंक आली तरी पुस्तक उघडून बसणारी. तोकड्या पट्ट्याने आकडा वाढतो, हेही तिने वाचलं होतं. शिवाय आईचं डोकं दुखत नव्हतं, पाय सुजत नव्हते, चर्चमध्ये तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. मग कसला आलाय रक्तदाब? सेउलाची थोरली मावशी मात्र आपियात आठवड्यातून तीन दिवस रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडलेली असे. तिचीही सुरुवात अशाच एका आकड्याने झाली होती. ते सेउलाला ठाऊक होतं, पण ती तिकडे विचार वळू देत नसे.

पाच महिन्यांनी सिस्टरच्या भावाने न्यूझीलंडहून लांब पट्टा पाठवला. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला मोठा दिवस. पाद्रींच्या बायकोचा आकडा एकदम वीसने उतरला. आपण ठणठणीत असल्याचं आपण आधीपासून सांगत होतो, असं तिने सगळ्यांना ऐकवलं. सेउलाने मोठ्या उत्साहाने आईला पुढे बसवलं. पट्टा नीट बसला. मी काळजीपूर्वक मोजलं. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे चार. थोडं थांबून सिस्टरने पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा. काटा तिथेच.

"नवे कपडे घालूनही खोटारडाच राहिला," फेतू म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही. सेउलाने बाळाला घट्ट धरलं होतं. मी खरं बोललो होतो, पण मला आनंद झाला नाही.

दुसऱ्याच दिवशी ती आईला घेऊन आपियाला गेली. मूत्रपिंडांना त्रास व्हायला नुकती सुरुवात झाली होती. डॉक्टर म्हणाले, अजून सावरता येईल, पण रोजची गोळी चुकवायची नाही आणि मीठ कमी करायचं. रविवारच्या जेवणात नारळाच्या दुधातल्या अळूत खारवलेलं मांस पडायचं, ते आता दोनदा उकळून, पाणी ओतून, एवढासा तुकडा. रोज सकाळी नातवाला कडेवर घेऊन चर्चपर्यंत फेरी. फेतूने कुरकुर केली, पण सगळं पाळलं.

तरी दोन महिने काटा जागचा हलेना. सेउलाचं अन्नावरून मन उडालं. शेवटी एका सकाळी शाळेला उशिरा जाऊन ती आईवर डोळा ठेवून बसली. चहाच्या वेळी शेजारची लोसा आली आणि चटईवर टेकली. फेतूने गोळी काढली, दातांनी तोडली आणि निम्मी लोसाच्या हातावर ठेवली.

"आई, हे काय चाललंय?"

"समोर माणूस बसलेलं असताना एकटीने खाऊ? अशी वाढवलीय का मला?"

"आणि गुण येतो, बरं का," लोसा म्हणाली. "हिच्यापेक्षा मलाच जास्त येतो."

सेउला रागावणार होती. पण आवाज निघाला तो वेगळाच. "आई, मासा वाट, नीरफणस वाट, घरातलं काय हवं ते वाट. ही गोळी नको वाटूस. मला निम्मी आई नको. याला आख्खी आजी हवी आहे."

बाळ फेतूच्या मांडीकडे डुगडुगत चालत निघालं होतं. फेतूने त्याला उचलून मांडीवर घेतलं. पुढच्या मंगळवारी ती लोसाला हाताला धरून माझ्यापुढे घेऊन आली. लोसाचाही आकडा चढलेलाच निघाला. तिला तिची वेगळी गोळी मिळाली. आता दोघी रोज सकाळी एकाच चटईवर बसून आपापली गोळी घेतात. कुणी एकटं खात नाही, आणि कुणाची निम्मी होत नाही. सहा महिन्यांनी फेतूच्या दंडावर माझा काटा एकशे चौतीसला उतरला, तेव्हा तिने माझ्या काचेवर टिचकी मारली. "शिकला एकदाचा," ती म्हणाली. एवढं कौतुक मला पुरे.

या गोष्टीला काही वर्षं झाली. आता सिस्टरकडे बटणाचं नवं यंत्र आलं आहे. मी सेउलाच्या वर्गातल्या कपाटात असतो. मुलं माझा फुगा दाबतात, नळ्या पिळतात. जरा हळू हाताळलंत तर बरं, पण माझी तक्रार नाही. फेतूचा नातू आता याच वर्गात बसतो आणि आजी रोज त्याला पोहोचवायला चालत येते.

मला कपाटात ठेवण्याआधी सेउला मुलांना जे सांगते, तेच मित्रांनो, तुमच्यासाठीही. "घरी कुणाला 'बरी आहेस ना' असं विचारू नका. माझी आईही तेव्हा बरी आहे असंच म्हणायची. मला काही होत नाही असं जी म्हणते, तिच्याजवळ आज जाऊन बसा आणि विचारा, शेवटचं कधी मोजलं होतंस?"